शेजारच्या पिशवीवरचा जवळा

सालवड, ता. १४ जानेवारी २०२५

ती. आईस मेघालीचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही बरे, काळजी तुझीच.

तुमचा फोन निमेशदादाबरोबर बोटीवर, म्हणून रत्नाबाईच्या मासळीच्या पाटीतून हे पत्र. शेजारचा धर्मेश कारखान्याचा टेम्पो चालवतो ना, तो तिथला कचरा आमच्या डब्यात कोंबतो. स्वतःचा डबा कोरा! परवा विचारलं, तर अगदी जवळ येऊन म्हणाला, की तुमच्या घरात लहान पोर आहे, जपून राहा. तेव्हापासून चिंतूला दाराबाहेर एकटं सोडत नाही. हे तर मलाच गप्प बस म्हणतात.

त्या कचऱ्यात एक मोठी जाड पिशवी मिळाली, अगदी नवी. फाडून, धुऊन पाठवतेय, जवळा सुकवायला अंथर. धुताना हात चुरचुरले, साबण कडक असेल. मेल्याचा तेवढा तरी उपयोग!

माया पातळ करू नकोस.
तुझी भित्री लेक, मेघाली

माहीम, ता. २० जानेवारी

चि. सौ. मेघालीस आईचे पोटभर आशीर्वाद.

पिशवी झकास हाय. तिच्यावर जवळा पसरला आणि काय सांगू, एक कावळा खाली उतरला नाय! दरसाल काठी घेऊन उन्हात बसून कंबर मोडते, यंदा मी घरात पाय पसरून बसले. मांजरसुद्धा फिरकली नाय. चाखला, जरा कडवट लागला. माझीच जीभ म्हातारी झाली असंल. बाजारात अजून नेला नाय, पयला तुला पाठवते.

त्या शेजाऱ्याशी तंटा नको, बाय. आपल्यात भांडण झालं की सुकी मासळी घेऊन दारात जातात. वाटीभर जवळा त्याच्या बायकोला नेऊन दे. माणूस नरमतं.

चिंतूचा मुका घे, आमची आठवण ठेव.
आई

सालवड, ता. २२ जानेवारी

ती. आईस नमस्कार. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझ्या सांगण्यावरून कालच त्यांच्याकडे जवळा दिला. आज सकाळी घंटागाडीवरच्या मंगळ्याने आमचा डबा रिकामा केला आणि त्याच्या तळव्यांना फोडच फोड आले. किंचाळत होता बिचारा. डब्यात तसलीच पिशवी होती, आत पांढरी पूड. मला एकदम तुझे कावळे आठवले.

तशीच धावले धर्मेशच्या दारात. माझी भीती कुठल्या कुठे गेली. त्याची छोटी रुचिता जेवायला बसली होती, जवळ्याचा पहिलाच घास हातात. मी ओरडले, की जवळा तुमच्याच पिशवीवर सुकवलाय. त्याने एक शब्द विचारला नाही गं. झडप घालून पोरीच्या हातातला घास उडवला आणि तिची बोटं नळाखाली धरली.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आमच्या डब्यात टाकताना, चिंतू तिथेच खेळत असताना, सगळं ठाऊक होतं.

आम्ही खाल्ला नाही. पण आई, तू चाखलास! रत्नाबाई आत्ता निघतेय, तिच्याबरोबर तडक दवाखान्यात जा. मी चिंतूला घेऊन पुढच्या गाडीने येतेच. त्या जवळ्याला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस.

तुझी जीभ म्हातारी झालेली नाही गं.

मेघाली