चार इंच वर

७ फेब्रुवारी, रविवार
गाडी आज चार इंच उंच झाली. व्हिडिओ बघून, स्वतःच्या हाताने केली. लांब स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. सकाळी चहा न पिता सुरुवात केली आणि दिवेलागणीला गाडी पुन्हा चार पायांवर. बायको दारातून बघून म्हणाली की कमाल आहे, उभी तरी राहिली. कौतुक करायची तिची हीच पद्धत आहे.

उंची वाढवायच्या किटमधून दोन रबरी नळ्या उरल्या. कंपनी उदार दिसते. स्पेअर म्हणून कपाटावर टाकल्या.

आईला खाली आणून गाडी दाखवली. तिचा डावा डोळा केव्हाच गेला. उजवा टिकावा म्हणून दर महिन्याला इंजेक्शन चालू आहे, आणि तिथे नेणं-आणणं माझ्याकडे. त्या एका डोळ्याने तिने गाडी खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे. या घरात असं म्हणणारी ती एकटीच.

संकल्प: मे महिन्यात ऑफ-रोड ग्रुपबरोबर डोंगर. सगळ्यांच्या पुढे.

९ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय. एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या सेन्सरचा. फोरमवर वाचलं की उंची वाढवल्यावर बऱ्याच जणांना येतो. म्हणजे गाडी नॉर्मल आहे. बऱ्याच जणांनी पुढे काय केलं तेही लिहिलं होतं, पण ते फार लांबलचक होतं.

१३ फेब्रुवारी
बायकोने दिव्याचं विचारलं. तिला समजावून सांगितलं की सेन्सरला जुन्या उंचीची सवय आहे, नवीन उंची त्याच्या पचनी पडायला वेळ लागणार. ती म्हणाली की अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर लोकांनी केलेल्या खोक्यांतल्या चुका काढतो. चूक कशी दिसते ते मला कोणी शिकवू नये.

१८ फेब्रुवारी, सकाळी
आता लाल दिवा. हा ब्रेकचा. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल थोडं कमी होतं. भरलं. दिवा गेला. पाच मिनिटांचं काम. गॅरेजवाल्याने याच्यासाठी गाडी दोन दिवस अडकवून ठेवली असती.

२० फेब्रुवारी
आईचं इंजेक्शन. तिला गाडीत चढता आलं नाही, उंची तिच्या कमरेपर्यंत येते. काखेत हात घालून उचललं. तिचं वजन किती कमी झालंय ते तेव्हा कळलं. वाटेत म्हणाली की इथून सगळ्यांची डोकी दिसतात. खूश होती.

हॉस्पिटल चढावर आहे. परत येताना सगळा उतार. डॉक्टर म्हणाले की उजवा डोळा छान टिकलाय, फक्त डोक्याला धक्का लागू देऊ नका.

२५ फेब्रुवारी
लाल दिवा पुन्हा. ऑइल पुन्हा भरलं. मोठ्या टायरना जास्त ऑइल लागत असणार. मोठ्या माणसाला जेवण जास्त लागतं, तसंच.

१ मार्च
पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर वाटतं. पाणी असेल.

पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही. तरी पाणीच असेल.

४ मार्च
बायको यापुढे माझ्या गाडीत बसणार नाही, असं तिने जेवताना जाहीर केलं. मी म्हटलं, नको बसूस. मग ती म्हणाली की आईंनाही नेऊ नका, मी टॅक्सीने नेते. इथे माझं डोकं फिरलं. आईला माझ्याशिवाय कोणी नेलेलं नाही आणि नेणार नाही. दोघी बोलल्या असाव्यात, कारण रात्री आई म्हणाली की ती काळजीने बोलते, मनावर घेऊ नकोस, मी तुझ्याच गाडीतून येईन.

बायकोचं तोंड बघण्यासारखं होतं.

८ मार्च
ब्रेकचं पेडल मऊ झालंय. आधी कडक होतं, आता पाय खोल जातो. गाडी रुळली.

११ मार्च
दिवा सतत डोळ्यांसमोर राहिला की माणूस रस्त्याकडे नीट बघत नाही, आणि ते धोक्याचं. काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवला. डॅशबोर्ड एकदम शांत.

ग्रुपवर फोटो टाकला. कोणी तरी विचारलं की ब्रेक होज लांब घेतले ना. अंगठा टाकला.

१४ मार्च
ती अंगठा टाकलेली गोष्ट डोक्यातून जाईना. तो व्हिडिओ पुन्हा लावला. आधी मी जिथे बंद केला होता त्यानंतर अजून बराच होता. त्यात तो माणूस दोन रबरी नळ्या हातात धरून सांगतो की गाडी उंच केल्यावर ब्रेकच्या जुन्या नळ्या ताणल्या जातात, या बसवल्याशिवाय गाडी हलवूही नका. नळ्या ओळखीच्या वाटल्या.

कपाटावरून काढून पाहिल्या. त्याच.

घाबरण्याचं कारण नाही. तो माणूस दगडाधोंड्यांत गाडी घालतो. मी सध्या डांबरावर आहे. पुढच्या रविवारी बसवतो, आधी हात रिकामा नाही. तोवर उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवायचं नाही, म्हणजे डावी नळी ताणणार नाही. साधं गणित आहे.

१७ मार्च
डावीकडेच वळून कारखान्यात जाता येतं. थोडा वेळ लागतो, पण शहर नव्याने बघून होतं.

२० मार्च, सकाळी
आज आईचं इंजेक्शन. नळ्या उद्या बसवणार, रविवार आहे. आज नेऊ नये असं एकदा मनात आलं, हे लिहून ठेवतो. पण नाही नेलं तर बायकोला सांगावं लागणार की का नाही नेलं. तिचा विजय मला परवडणार नाही. हळू चालवीन. ब्रेक ऑइलची टाकी तुडुंब भरली आहे.

२० मार्च, संध्याकाळी
उतारावर पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही.

हँडब्रेक ओढला. झाडांच्या नर्सरीच्या भिंतीवर गाडी घातली, म्हणजे मीच घातली, समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. हे मी केलं ते बरोबर केलं. मला काही झालं नाही. आई पट्टा लावत नाही, मानेला काचतो म्हणते, आणि मी आग्रह केला नव्हता. ती पुढे आपटली. उजव्या बाजूने.

उताराखालच्या दुसऱ्या हॉस्पिटलात सिस्टरने विचारलं कसं लागलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली की मी न्हाणीघरात पडले. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं बरं नव्हे.

२२ मार्च
डॉक्टर म्हणतात, सूज उतरेपर्यंत सांगता येत नाही. म्हणजे आशा आहे. डोळ्यांच्या बाबतीत सांगता येत नाही म्हणजे चांगलंच असतं.

बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आईच्या उशाशी बसते आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. ताई दुसऱ्या गावाहून आली. तिनेही काही विचारलं नाही. न्हाणीघराची गोष्ट तिला आईनेच सांगितली असणार, आणि ताईने न्हाणीघर जाऊन बघितलं असणार. तिथे कसलाही ओरखडा नाही.

२९ मार्च
सूज गेली. सोबत डोळाही गेला, असं लिहिणार होतो, पण लिहिण्यात गंमत वाटत नाही. उजव्या डोळ्याने आईला उजेड कळतो, अंधार कळतो. माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणाले की आता इंजेक्शनची गरज नाही. मला आधी ती चांगली बातमी वाटली.

२ एप्रिल
गाडी गॅरेजमध्ये दिली. आयुष्यात पहिल्यांदा. लांब नळ्या बसवल्या, सेन्सरची वायर नवीन, ब्रेकमधली हवा काढली, पुढचा भाग ठोकून सरळ केला. गॅरेजवाल्याने काही ज्ञान पाजळलं नाही, उलट नळ्या चांगल्या आहेत म्हणाला. टेप काढला. चावी फिरवली, सगळे दिवे लागले आणि एक एक करून विझले.

उताराच्या रस्त्यावर जाऊन ब्रेक दाबून पाहिले. गाडी जागच्या जागी. पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. नर्सरीवाला भिंतीच्या भगदाडातून माझ्याकडे बघत होता.

४ एप्रिल, रविवार
आईला घरी न्यायचं. सकाळी गाडी धुतली, पुढच्या सीटवर उशी ठेवली, पट्ट्याला मऊ कापड शिवून घेतलं. बायकोने शिवून दिलं, बोलली नाही, पण शिवून दिलं. आज गाडीत काहीही खराब नव्हतं. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं.

गाडी हॉस्पिटलच्या दाराशी लावली. ताई आईला धरून घेऊन आली. आईच्या चेहऱ्यावर हसू होतं, सगळ्यांना हसायचं असतं म्हणून ती हसते तसं. मी म्हटलं, चल आई. मी काही सांगितलं नाही की कुठली गाडी. ती सीट चाचपायला हात पुढे करत आली. हात दाराच्या खालच्या काठाला लागला. काठ तिच्या कमरेशी होता.

तिने हात तिथेच ठेवला. मी म्हटलं की ब्रेक नवीन केलेत, गॅरेजमधून करून घेतलेत, दिवा एकही नाही, शपथ. ती म्हणाली, हो रे, मला माहीत आहे, तू केलंच असशील नीट. तुझ्या हाताला गुण आहे.

मग तिने हात काढून घेतला, ताईचा खांदा शोधला, आणि म्हणाली की आज मात्र टॅक्सी बघ.

टॅक्सी मीच थांबवली. दार उघडून धरलं. ती कुणाच्याही मदतीशिवाय आत बसली.