काचेवर उलटं दिसतं

ता. २ सप्टेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे मास्तर आणि लेक मजेत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. 'आम्ही' म्हणण्याइतकी माणसं या घरात उरली कुठे? आईच्या खोलीत मी दोऱ्या बांधल्यात आणि धुतलेले फोटो वाळत घालते. खिडकीजवळचा तिचा पलंग तेवढा हलवला नाही. हलवायला दोघी लागतात.

पत्राला कारण आहे, नाहीतर मी कसली लिहितेय. माझ्या डोंगरांच्या फोटोंचं पुस्तक निघतंय. वीस वर्षांतले निवडक नव्वद. प्रकाशिका बाई फार उत्साही आहेत, दर दोन वाक्यांनंतर "कमाल!" म्हणतात, मग पहिली दोन वाक्यं काय होती ते विसरतात. मुखपृष्ठावर 'जल्लोष' घ्यायचा हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं. त्यात तू आहेस, म्हणून तुझी संमती लागते. फॉर्म सोबत ठेवलाय. सही कर, आणि खाली एक चौकोन आहे, 'हे छायाचित्र घेतलं जात असताना तुम्हाला काय वाटत होतं?', त्यात दोन ओळी खरड. वारा, मोकळं आभाळ, असलं काहीतरी. डोकं फार चालवू नकोस.

बाईंना कुठून तरी कळलंय की तू पडलीस ती त्याच दिवशी. त्यांनी विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. काळं फडकं डोक्यावर घेऊन मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर बघायचं असतं, काचेवर सगळं उलटं दिसतं, डोंगर वर आणि आभाळ खाली, त्यात माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. उंचावलेले हात खाली लोंबल्यासारखे दिसतात. मला वाटलं तू नुसती उभी आहेस. बाई म्हणाल्या, "अरे बापरे, कमाल!" फोटोचं नाव मासिकवाल्यांनी ठेवलं, लोकांना आवडलं, त्याला आपण काय करणार. हे सगळं तुला ठाऊक आहेच, उगाच परत लिहिलं.

पाय कसा आहे? थंडी सुरू होईल, शेकत जा. जाड तळाचा बूट नवा करून घेतलास का? मागच्या वेळी, म्हणजे आईच्या वेळी, तुझा तो बूट एका बाजूने झिजलेला दिसला होता. तेव्हा बोलायचं राहिलं.

यंदा मी अजून वर गेले नाही. पानांनी रंग बदलायला सुरुवात केलीय, दुपारी ढग दाटतात, आपला हंगाम. पण गुडघे नको म्हणतात. फॉर्म लवकर पाठव, छपाई अडलीय.

तुझी,
ताई


ता. २१ सप्टेंबर

बारके,

फॉर्म मिळाला. सही ठसठशीत आहे, शाळेत होती तशीच. चौकोनात तू दोनच शब्द लिहिलेस. 'ताईला विचारा.'

पहिल्यांदा मी भडकले. म्हटलं, बघा, नऊ वर्षं तोंडातून ब्र काढला नाही आणि आता परक्या बाईच्या कागदावर टोमणा मारते. फॉर्म टेबलावर आपटला, चहा केला, चहा विसरले, गार झाल्यावर प्याले. मग बाईंचा फोन आला. फॉर्मची एक प्रत तू त्यांनाही धाडली होतीस, शहाणी आहेस. "मग सांगा ना ताई," बाई म्हणाल्या, "काय वाटत होतं त्यांना?"

मी म्हटलं, नंतर फोन करते. आणि गाडी काढून वर गेले.

सहा वर्षं तू माझं 'माप' होतीस. घरात सगळ्यांना तो शब्द पाठ होता, आई भाजी निवडतानाही विचारायची, "आज माप येणार का जेवायला?" डोंगराच्या फोटोत माणूस नसला तर डोंगर केवढा ते कळत नाही, म्हणून तू आईने शिवलेला तो नारिंगी कोट घालून समोरच्या डोंगराच्या धारेवर उभी राहायचीस आणि मी खोऱ्याच्या अलीकडून फोटो घ्यायचे. ओरडलेलं ऐकू यायचं नाही. म्हणून खुणा. एक हात उंच म्हणजे थांब. दोन्ही हात उंच म्हणजे बस झालं, मला उतरव. आणि समोरचीनेही दोन्ही हात उंच करून उत्तर द्यायचं, मग हाताने डावं-उजवं दाखवत वाट सांगायची, कारण धारेवरून पायाखालची उतरण दिसत नाही, ती फक्त माझ्या बाजूने दिसते. दोन हात झाले की काम बंद, मग उजेड कितीही चांगला असो. याच एका अटीवर आईने तुला माझ्याबरोबर सोडलं होतं. मी तिच्या समोर हो म्हटलं होतं, तोंडात घास होता, तरी म्हटलं होतं.

परवा मी कॅमेऱ्याच्या जागी थांबले नाही. तिथे नुसती तिकाटणी उभी केली, तिच्यावर माझा कोट टाकला, आणि खोरं वळसा घालून तुझ्या जागेवर चढले. पाऊण तास लागला. तू वीस मिनिटांत चढायचीस आणि वरून मला वेडावून दाखवायचीस. गवत तांबूस झालंय, दगड तसेच सुटे आहेत, वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. तिथून मी मागे बघितलं.

सगळं दिसतं गं तिथून. कोटाची बाही हलत होती तीही दिसली. मी एक हात उंच केला तो तुला दिसला नसेल, या एका आशेवर मी नऊ वर्षं काढली, आणि तिथे उभं राहिल्यावर कळलं की तू माझी बोटंसुद्धा मोजली असतील. आणि खाली बघितलं तर उतरणीचं काहीच दिसलं नाही, नुसती कड आणि मग हवा.

आता ते सांगते. तुला सांगायची गरज नाही, तू कॅमेरा वाहिलास, फिल्म भरलीस, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. काचेवर उलटं दिसतं हे खरं. पण फोटो घेताना काचेवर कोण बघतं? फिल्म आत सरकवली की काच झाकली जाते. मग फडकं बाजूला टाकून, दाबायची तार हातात धरून कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं आणि उघड्या डोळ्यांनी उजेडाची वाट बघायची. मी तशीच उभी होते. काळाकुट्ट ढग मधोमध फाटत होता, उन्हाची तिरीप खालच्या रानावरून तुझ्याकडे सरकत येत होती, आणि तू दोन्ही हात उंच केलेस. मी बघितलं. माझे डोळे तेव्हा चांगले होते.

आणि मी एक हात उंच केला. थांब.

तू हात खाली घेतले नाहीस. चार मिनिटं तशीच उभी राहिलीस. मला राग आला होता, तोही सांगते. वाटलं, हिला कळत नाही का, असा उजेड दहा वर्षांत एकदा येतो, जरा कळ काढता येत नाही? तिरीप तुझ्या कोटावर आली. मी दाबलं. मग दुसरी फिल्म घालून परत दाबलं. मग गारा सुरू झाल्या, तेव्हा मी आधी भिंग पुसलं, फिल्मचे डबे पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली. वर बघितलं तेव्हा धारेवर नारिंगी काही नव्हतं. वाट दाखवणारं कुणी नाही म्हटल्यावर तू आपली आपण उतरायला गेलीस.

हॉस्पिटलात आईने विचारलं, कसं झालं? माझ्या खांद्यावर ती ओली पिशवी तशीच होती. मी तोंड उघडायच्या आत तू पलंगावरून म्हणालीस, "पाय घसरला, आई. ताईला कुठून दिसणार? तिच्या त्या काचेवर उलटं दिसतं."

म्हणजे ती थाप माझी नाहीच. तू मला शिवून दिलीस, मी नऊ वर्षं घालून फिरले. मासिकात, भाषणांत, बाईंसमोर. तुलाच परत पत्रातून ऐकवली, कोडगी मी. त्याबद्दल मी तुझी उतराई व्हावं की तुझा गळा धरावा हे मला आजही कळत नाही. तू तेव्हा मला शिव्या घातल्या असत्यास, आईला सांगितलं असतंस, आईने मला घराबाहेर काढलं असतं, तर मी काहीतरी केलं असतं, रडले असते, सुधारले असते. तू सांभाळून घेतलंस आणि माझ्या घरी यायचं बंद केलंस. आई गेली ती मला 'बिचारी, हिला दिसलं नाही' असं समजत गेली. माझ्याच डोक्यावर हात फिरवून गेली. तो हात मला सोसला नाही.

आणखी एक. नाव मासिकवाल्यांनी ठेवलं नाही. त्यांनी 'वादळाआधी' असं काहीतरी सुचवलं होतं. 'जल्लोष' मी ठेवलं. लोकांनी तुझे हात बघून विचारू नये म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवलं.

परवा धारेवर होते तेव्हा तिरीप आली. खालून रान पेटवत आली, मागे शिसवी ढग, वरच्या कड्यावर नवं बर्फ. तशी ती त्या दिवशीही नव्हती. कॅमेरा गाडीत होता. बरं झालं, असं म्हणवत नाही. हळहळले, खोटं कशाला बोलू. माणूस इतकं वाईट असतं.

खाली उतरून बाईंना फोन केला आणि सांगितलं, तिला काय वाटत होतं ते मला माहीत आहे, तिला खाली उतरायचं होतं. उरलेलंही सांगितलं. मला वाटलं आता तरी कुणी मला चार शब्द सुनावेल. तर बाई म्हणाल्या, "ताई, हे छापूया. हे तर फोटोपेक्षाही... " पुढचा शब्द त्यांनी गिळला, एवढी लाज त्यांना आहे.

तेव्हा आता अशी गत आहे. खरं सांगितलं तरी फोटो माझाच मोठा होतो. खोटं ठेवलं तरी माझाच. म्हणून बाईंना सांगितलं, ते पान थांबवा, बारकीचं उत्तर येईपर्यंत छापायचं नाही. तुझी सही माझ्या टेबलावर आहे, मी ती दिलेली धरत नाही. तू म्हणशील तर फोटो पुस्तकात राहील, तू म्हणशील त्या नावाने. तू म्हणशील तर दोन्ही फिल्म मी चुलीत घालीन, आणि मग रडेनही, तुला आधीच सांगून ठेवते. तुला थांबवायला या वेळी उजेडाचं कारण नाही. पायाखालचं मला काही दिसत नाही, ते तुझ्या बाजूने दिसतं.

उत्तर नाही दिलंस तरी मी जागची हलणार नाही. तू चार मिनिटं उभी होतीस, माझा हिशोब त्याहून मोठा आहे.

माझे दोन्ही हात उंच आहेत.

ताई