सातव्या रिळातला आवाज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा सिनेमागृहातली ऑपरेटर, सध्या घरीच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पोटभर जेवून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही. कान मात्र नाहीत. नवव्या वर्षी तापात गेले, ते गेलेच. कान आणि डोके या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सुरुवातीलाच नमूद करते, कारण याच मुद्द्यावर माझा पुतण्या, म्हणजे मोठ्या दिरांचा मुलगा, हा कागद रद्द करायला धावणार आहे. गेल्या महिन्यात तो समोर बसून, तान्ह्या मुलाशी बोलावे तसे तोंड वासून म्हणाला की काकू, तुम्हाला यातले काही कळत नाही, घर माझ्या नावावर करून टाका. मला ओठ वाचता येतात. एवढे तोंड वासले नसते तरी चालले असते.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हो म्हटले आहे. दुसरा अजून मिळालेला नाही. औषधाच्या दुकानदाराने विषय बदलला, निवृत्त मास्तरांनी गुडघेदुखी पुढे केली. पुतण्याचे गावात वजन आहे, त्याच्याशी वाकडे कोण घेणार? हे घर दिरांच्या पैशाचे आहे असे तो सांगत फिरतो, तेव्हा दुसरी सही मिळाली नाही तर घर माझ्या मुलीच्या हातून जाईल. तरी लिहून तर ठेवते.

कलम पहिले. राहते घर, पुढच्या दोन खोल्या, मागची एक आणि माळा, हे सारे माझ्या एकुलत्या एका मुलीला. हे घर मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून घेतले. दिरांच्या घरातली एक वीटही यात नाही.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक तिलाच. फार नाही.

कलम तिसरे. नवऱ्याचे पाने, पेचकस आणि तुटलेली फिल्म जोडायचे यंत्र जावयांना. मोठा पेचकस त्यांनी तीन वर्षांपूर्वी नेलाच आहे. तो आता परत करायची गरज नाही.

कलम चौथे. यात वस्तू कोणतीही नाही. बाळ, हे तुला तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून इथे.

तुझे बाबा सिनेमागृहात ऑपरेटर होते. तू दीड वर्षाची असताना ते गेले आणि मालकांनी त्यांची जागा मला दिली, कारण त्यांच्या शेजारी उभी राहून मी सगळे शिकले होते. प्रोजेक्टरवर तळहात ठेवला की यंत्र नीट चालले आहे का ते मला कळे. आवाजासाठी यंत्रात एक छोटा दिवा असतो, तो पेटलेला असला तरच पडद्याला आवाज येतो. मला तो ऐकू येणार नाही, म्हणून प्रत्येक रीळ लावताना मी दिवा डोळ्यांनी पाहून घ्यायची. गावाला हे पटले नाही. बहिरीच्या हाती बोलपट दिला म्हणून लोक हसले. नुसत्या हसण्यावर निभावले असते तर बरे होते.

एका दुपारी मी थकून आडवी झाले. दाराला आतून कडी होती. तुझी करंगळी कपाटाच्या दारात सापडली. तू रडत होतीस आणि मी तुझ्यापासून चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहिनींनी, त्या शिवणकाम करतात त्यांनी, खिडकीची काच फोडली, हात घालून कडी काढली आणि तुला सोडवले. त्यांनी मला खांद्याला धरून हलवले तेव्हा मला जाग आली. त्यांचा हात कोपरापर्यंत रक्ताने भरला होता.

तुझी करंगळी जन्मापासून वाकडी आहे असे मी तुला सांगत आले. ते खोटे आहे.

आठवड्याच्या आत तुझ्या मोठ्या काकांनी अर्ज केला की बहिऱ्या बाईला मूल सांभाळता येत नाही, ते आमच्या ताब्यात द्यावे. खाली अडतीस सह्या होत्या, पहिली वहिनींची. ती सही मी तुला शंभर वेळा सांगितली. काच कोणी फोडली हे एकदाही सांगितले नाही. म्हणून तू आजही त्यांच्याकडे बघत नाहीस. यात दोष माझा आहे.

त्याच महिन्यात आमच्याकडे एका बहिऱ्या मुलीचा सिनेमा लागला. गाव तिला छळते आणि शेवटी तिचे मूल हिसकावून घ्यायला निघते, अशी गोष्ट. अख्खे गाव लोटले, अर्जावर सह्या केलेलेही आले. रुमाल पिळायची वेळ यायची. आणि खेळ सुटल्यावर मी जिना उतरून खाली आले की तीच माणसे रस्ता ओलांडून पलीकडे जायची. पडद्यावरची बहिरी त्यांना चालत होती, कारण ती शेजारी राहायला येणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी सातवे रीळ लावले. त्यात तिच्या दारात जमाव येतो. मीही माणूसच आहे. मी झरोक्यातून पडद्याकडे बघत राहिले आणि दिवा पाहायचा विसरले. तो गेलेला होता. दहा मिनिटे जमाव बोटे नाचवत होता, तोंडे उघडत-मिटत होती आणि सिनेमागृहात चकार शब्द नव्हता. एरवी पंखा बंद पडला तरी शिट्ट्या मारणारे आमचे लोक गप्प बसून राहिले. त्यांना वाटले की सिनेमा काढणाऱ्यानेच असे केले आहे, तिला ऐकू येत नाही तर आपल्यालाही नाही. शेवटचे, आठवे रीळ दुसऱ्या यंत्रावर होते, तिथे आवाज परत आला. खेळ संपल्यावर मालक ओल्या डोळ्यांनी वर आले आणि हे सारे सांगू लागले, तेव्हा मला तो विझलेला दिवा दिसला.

अर्जाचा निकाल देणारे साहेब त्या खेळाला बसले होते. त्यांच्या बायकोने आदल्या दिवशीच सिनेमा पाहिला होता आणि तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता. साहेब दुसऱ्या दिवशी जिना चढून केबिनमध्ये आले आणि त्यांनी माझ्या वहीत लिहिले, "काल आवाज तुम्ही मुद्दाम बंद केला होता का?"

मी लिहिले, "हो."

त्यांनी अर्ज फेटाळला. शेऱ्यात म्हटले की दुसऱ्यांना काय ऐकू येते हे जिला इतके नेमके समजते, तिला मूल सांभाळता येईल. त्या एका खोट्या शब्दावर तू माझ्याकडे राहिलीस. पुतण्याने हे खुशाल कोर्टात नाचवावे. डोके ठिकाणावर असल्याशिवाय कोणाला वेळेवर खोटे बोलता येत नाही.

पुढे तू चार वर्षांची होईपर्यंत मी तुझ्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला एकच दोरी बांधून झोपले. वहिनी दुपारभर खिडकीशी शिवत बसायच्या आणि त्यांची नजर आमच्या दारावर असायची. माझ्या चुका टिपतात असे मला वाटायचे. आज वाटत नाही.

कलम पाचवे. मागची खोली वहिनींना, त्या हयात असेपर्यंत. त्यांच्या घरमालकाने जागा विकली आहे. या वयात शिलाई मशीन डोक्यावर घेऊन त्या जाणार कुठे? मुलीने हरकत घेऊ नये. (हे कलम खोडले आहे. कारण खाली.)

कलम सहावे. उरलेल्या सदतीस जणांपैकी जे जिवंत आहेत त्यांना माझ्याकडून काही नाही. माफीही नाही, ती कोणी मागितलेली नाही. मी गेल्यावर भाषणे करू नयेत. आयुष्यभर एकही ऐकले नाही, आता सुरुवात कशाला?

इथवर काल लिहिले होते. आज सकाळी डॉक्टरीणबाई सहीला आल्या, तेव्हा वहिनी मागोमाग आत आल्या आणि म्हणाल्या की दुसरी सही मी करते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावले की ज्याला कागदातून काही मिळते त्याची साक्ष टिकत नाही, सही केलीत तर खोलीवर पाणी सोडावे लागेल. वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांनी सारा कागद वाचला, स्वतःबद्दलचा भागही. मग पाचव्या कलमावर बोट ठेवून त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले, मला ओठ नीट दिसावेत म्हणून.

"खोली खोड. पेन दे."

मी खोडली. मला रडू आले, तेही इथे नमूद करते. मी जिवंत आहे तोवर घर माझे आहे आणि माझ्याकडे कोणी राहायचे याला साक्षीदार लागत नाही. वहिनी उद्या सामान आणत आहेत. माझ्यामागे, बाळ, हा कागद तुला कशानेही बांधत नाही. त्यांना ठेवायचे की नाही ते तू ठरव.

वरील मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मीच लिहिला, मीच दोनदा वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, बुधवार, सकाळचे साडेदहा
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: डॉक्टर. (सही) प्रकृती आणि मन दोन्ही तपासले. रक्तदाब थोडा जास्त, बाकी ठीक.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारीण, शिवणकाम. (सही) हिला सगळं कळतं. त्या अर्जावर सही केली तेव्हाही मला हे माहीत होतं.