आपल्या घरची उष्णता

मयूर विहार, रविवार

ती. आईस,
भक्तीचा नमस्कार. आधीच सांगते, तुझी नात स्वरूपा बिल्कुल ठीक आहे, समोर बसून पराठा खातेय.

गेल्या महिन्यात तिची दाढ काढली आणि दोन दिवस रक्त थांबेना. फोनवर तुला मुद्दामच बोलले नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कोणाला असं होतं का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचाच घोळणा फुटतो, उष्णता आहे, आई दूर्वांचा रस देते. त्यांनी लगेच आम्हा दोघींना तपासणीला पाठवलं.

आई, ती उष्णता नव्हतीच. रक्त गोठायला लागणारा एक घटक आम्हा दोघींमध्ये जन्मापासून कमी आहे. घाबरू नकोस. दाढ, ऑपरेशन काही असलं की डॉक्टरांना आधी सांगायचं, ते औषध देतात. दुखण्याची गोळी मात्र मनाने घ्यायची नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

धाकटा अनुराग झाला तेव्हा तुझं रक्त थांबत नव्हतं. दीड महिना तू अंथरुणात होतीस आणि आत्या म्हणायच्या, कामाचा कंटाळा. मी सात वर्षांची होते, पण मला आठवतं. तूही तपासून घे.

सोबत रिपोर्टच्या दोन झेरॉक्स आहेत. एक तुझ्या डॉक्टरांसाठी, दुसरी आत्यांसाठी.

तुझी,
भक्ती