शेवटचा फर्मा

मी, राजाराम गुंडा बनसोडे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा पुस्तकबांधणी, राहणार पलूस, तालुका तासगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही असे इथे नमूद करण्याची रीत आहे, आणि ते खरेच आहे. पण मी घाबरलेलो आहे हेही खरे आहे, तेव्हा तेही कागदावर असू द्यावे. येत्या गुरुवारी मिरजेच्या दवाखान्यात माझी छाती उघडून ऑपरेशन करायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. तेव्हापासून मी उरलेल्या पाचांचाच विचार करतो आहे.

कलम १. पलूस गावठाणातील दोन खोल्या व पुढचा पत्र्याचा सोपा माझी पत्नी तानुबाई हिला तहहयात द्यावा, तिच्यामागे दोन्ही मुलांना निम्मा निम्मा. मी झोपेत दचकून उठतो ते छातीमुळे, असे तिला वाटते. खरे कारण कलम पाचमध्ये आहे. ते तिलाही मी कधी सांगितलेले नाही.

कलम २. मुलगा धम्मपाल विट्याच्या माणसाच्या गलाईच्या दुकानात कोइमतूरला आहे. त्याने सोने गाळायचे सोडून बांधणीला यावे असा हट्ट मी बरीच वर्षे धरला. तो हट्ट मी मागे घेत आहे. माझे मनगटी घड्याळ त्याला द्यावे. रोज पाच मिनिटे मागे पडते, हे त्याला सांगावे.

कलम ३. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभण, सुया, कातरी, सरस वितळवायचे भांडे, पुठ्ठे व कापडाचे तागे मुलगी प्रियदर्शनी हिला द्यावेत. तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते. खळीत मोरचूद घालायला विसरू नये, नाहीतर कसर पाने खाते. मोठा दाभण तिला मिळणार नाही, कारण तो वाचनालयाच्या भाऊसोने अठ्ठ्याऐंशी साली "उद्या देतो" म्हणून नेला आहे. भाऊसोने तो तिला आणून द्यावा. मी मेलो तर त्याची सुटका होईल अशी त्याने आशा धरू नये.

कलम ४. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व साधेपणाने करावेत. माझ्या चांगुलपणावर कोणी भाषण करू नये. का, ते पुढे येते.

कलम ५. या कलमासाठीच हा सगळा कागद लिहायला घेतला.

नाथाजी जोतिबा शिंगटे, आक्काताई लोंढे आणि मी, आम्ही तिघे तरुणपणी वाचनालयाच्या पायरीवर बसून कादंबऱ्यांवरून भांडत असू. मला खुनाच्या रहस्यकथा लागत. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण आक्काताई, तिला बायकांच्या सुखदुःखाच्या कादंबऱ्या प्रिय. नाथाजी फौजेत होता, त्याचे सगळे प्रेम एकाच मालिकेवर : 'निळ्या कड्याचे राज्य', एकूण नऊ भाग. कड्यापलीकडून सावल्यांचे सैन्य येते आणि विसा नावाचा साधा पहारेकरी वेस राखतो, अशी ती अद्भुत कथा. "पोरासोरांचं वाचतोस," म्हणून आक्काताई त्याला चिडवी आणि वाद घालता यावा म्हणून स्वतःही सगळे भाग वाची. नाथाजी फौजेतून मला पत्रे लिही, त्याखाली सही असे : तुझा विसा.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात तो रजेवर आला आणि आठ दिवसांत परत बोलावणारी तार आली. वाचनालयात नुकताच आलेला नववा, शेवटचा भाग तेव्हा बांधणीसाठी माझ्याकडे होता. नाथाजी दारात येऊन म्हणाला, "राजा, उद्याच्या उद्या बांधून दे गड्या. जायच्या आत इसाचं काय हुतंय ते बगून जातो."

मी तो भाग आदल्या दिवशीच वाचून संपवला होता. शेवटच्या प्रकरणात विसा एकटा वेस राखतो आणि मारला जातो. लोक येतात तेव्हा तो भाल्याला टेकून उभाच असतो, आणि हात लावल्यावर पडतो. हे वाचून नाथाजी लढाईवर गेला तर परत यायचा नाही, असे माझ्या मनाने घेतले. ते प्रकरण नेमके शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र घडी घालून शिवायच्या सोळा पानांत होते. मी तो फर्मा शिवलाच नाही. अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या ओळीवर पट्टी चिकटवली. एका फाटक्या रहस्यकथेतून 'समाप्त' हा शब्द कापला आणि आदल्या प्रकरणाखाली डकवला. तिथे विसा भाला उचलून उभा आहे आणि दूर धूळ दिसते आहे. नाथाजीने एका बैठकीत वाचले, खूश झाला आणि गेला.

तो परत आला. मांडीत गोळी लागून, पण आला.

बहात्तरच्या उन्हाळ्यात पायरीवर पुन्हा विषय निघाला. आक्काताईने तोच भाग मधल्या हिवाळ्यात साताऱ्याला प्रशिक्षणाला असताना वाचला होता. ती सहज म्हणाली, विसा मरतो. नाथाजी उसळला. "मास्तरीण झालीस म्हणून कायबी सांगशील व्हय? इसा उभा हाय!" त्याने आतून पुस्तक आणून सगळ्यांसमोर 'समाप्त' दाखवले. "न वाचताच बोलतीस. लय खोटारडी हायस." पायरीवरचे लोक हसले. शिंगट्यांच्या घरातला, लढाईवरून आलेला जवान खरा आणि आमच्या वस्तीतली बाई खोटी, हे मानायला कोणाला वेळ लागला नाही. आक्काताईने माझ्याकडे पाहिले. "राजाराम, तू बांधलायस हा भाग. सांग की."

मी म्हणालो, "मी नुसता बांधतो, वाचत न्हाई."

ती त्या दिवसानंतर वाचनालयात आली नाही. नाथाजीशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलते, आणि तेच मला सोसत नाही. प्रकाशक बुडाला, आक्काताईला दाखवायला दुसरी प्रत साताऱ्यातही मिळाली नाही, आणि मला तर ते बरेच वाटले, एवढा मी भित्रा.

छप्पन साली मी दीक्षा घेतली. मंतरलेले दोरे, लिंबू-मिरच्या यांना हसत आलो, आणि छापलेल्या सोळा पानांना पंचवीस वर्षे भीत आलो. शहाऐंशी साली त्याच पुस्तकाची शिलाई सुटून ते पुन्हा माझ्याकडे आले. फर्मा परत जोडायचा म्हणून मी सुई ओवली. तेवढ्यात नाथाजीला उसात घोणस चावल्याची बातमी आली. मी फर्मा ट्रंकेत टाकून कुलूप लावले, आणि पुस्तक होते तसेच शिवून दिले.

आता भीती दोन्हीकडून आहे. सांगितले तर नाथाजीचे काही होईल, आणि मैत्री तर नक्कीच जाईल. न सांगता गुरुवारी टेबलावरच गेलो, तर आक्काताई मरेपर्यंत खोटी राहील. दुसरी भीती मोठी आहे, हे ठरवायला मला एवढी वर्षे लागली.

कलम ६. हिरव्या ट्रंकेतील तो फर्मा नाथाजीला द्यावा. आक्काताईला द्यायला माझ्याकडे हा कागदच आहे. तिने तो वाटेल त्याला दाखवावा.

कलम ७. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. पण नाथाजी फौजेतला माणूस आहे, रेशनच्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. आक्काताई तर शुद्धलेखनही तपासील. म्हणूनच या दोघांना बोलावले आहे. तोंडाने सांगायची हिंमत मला झाली नाही. ते वाचत असताना मी समोर बसून राहीन, एवढे मी करू शकतो.

ठिकाण : पलूस. सोमवार, ९ सप्टेंबर १९९६.
लिहून देणार : राजाराम गुंडा बनसोडे

साक्षीदार पहिली : आक्काताई लोंढे, निवृत्त शिक्षिका.
संपूर्ण वाचले. राजारामने आमच्यासमोर सही केली. मी खरे बोलत होते हे कागदावर आले, पण कागद मला पुरत नाही. मी पायरीवर खोटी ठरले होते. राजाराम, बरा होऊन ये आणि त्याच पायरीवर उभा राहून सांग. तोवर मी तुला माफ केलेले नाही.

साक्षीदार दुसरा : नाथाजी जोतिबा शिंगटे, माजी हवालदार.
वाचलं. आक्काताई, मी चुकलो. हे मीबी पायरीवर येऊन बोलीन. राजा, तुझा लय राग आलाय, त्यो तू आल्यावर काढीन. फर्मा ट्रंकेतच ऱ्हाऊ दे. आज वाचणार न्हाई. तू मिरजेसनं चालत घरी आलास की तुझ्या म्होरं बसून वाचीन. तवर इसा येशीवर उभा हाय.