हवालदाराच्या पिंजऱ्यात माझा हात

प्रिय अहो,

कागदावर तुम्हाला हाक मारायची ही पहिलीच वेळ. बत्तीस वर्षं एका घरात राहिलो, पत्र लिहायची वेळ आली कुठे? आज लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची मला भीती वाटते. परवा दुपारी तुमचा पोपट, तुमचा हवालदार, माझ्या हातून मरता मरता राहिला. आपल्या दत्ताला अजून कळवलेलं नाही. आधी तुम्हाला सांगते.

आत्ता, मी लिहिते आहे तेव्हा, तो जिवंत आहे. पण दांडीवर नाही. खाली फडक्यावर पिसं फुगवून, एक डोळा मिटून बसला आहे. दर दोन ओळींनी मी मान वर करून बघते.

तुम्ही त्याला माझ्या गळ्यात बांधलंत, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या दहाव्याला नदीवर मी नव्हते. दत्ताने घरी येऊन सांगितलं. यमगर्णीला वेदगंगेच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. दत्ता हात जोडून म्हणाला, "आप्पा, आईला अंतर देणार नाही." कावळे झाडावर ढिम्म. "आप्पा, घर विकणार नाही." तरी ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा त्याला काय सुचलं कोण जाणे. म्हणाला, "आप्पा, हवालदाराला आई सांभाळेल!" आणि म्हणे एक कावळा सरळ खालीच आला.

काय हो हे! बायकोला सांभाळीन म्हटल्यावर हलला नाहीत, आणि पोपटाचं नाव काढताच आलात? आणि मला कुणी विचारलं होतं का?

बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेली मी, असल्या गोष्टी मानू नयेत एवढं मला कळतं. पण त्या दिवसापासून धास्ती बसली ती बसलीच. या पाखराला काही झालं तर तिथे तुमचा घास अडेल, असं वाटत राहतं.

आणि मी त्याला किती भिते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तो आणला तो दिवस आठवतो? बाजारात पारधीण टोपलीत पिल्लं घेऊन बसली होती. मला एक गुबगुबीत, शांत पिल्लू आवडलं होतं. तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत. "ते शांत न्हाय, आजारी हाय. पिसं फुगवून कसं बसलंय बघ." मग तुम्ही ते दुसरं उचललंत, अर्धं उघडं, किंचाळणारं. त्याच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवलंत, डोळे बघितलेत, शेपटीखाली स्वच्छ आहे ना ते बघितलंत. तेवढ्यात त्याने तुमचं बोट फोडलं. पारधीणच कळवळली, "मालक, ह्यो लई वंगाळ हाय, दुसरं घ्या की!" तुम्ही रक्त पुसत हसलात. "चावतंय म्हंजे जगंल."

दोन-अडीच वर्षांनी त्याच्या गळ्यात कंठ उमटला, खांद्यावरची लाल फीत ठसठशीत झाली, आणि तुम्ही त्याला हवालदार केलंत. तोवर त्याने माझा अंगठाही फोडला होता. मी रडले, तर तुम्ही म्हणालात, "फडाफडा इंग्रजी बोलतीस, नि एका पाखराला भितीस व्हय गं?"

व्हय, भिते! त्या चोचीला भिते, त्या गोल पिवळ्या डोळ्याला भिते. अठरा वर्षं मी दारात उभी राहून तुमचं कौतुक बघितलं. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, अर्धी हिरवी मिरची. त्याला खांद्यावर घेऊन तुम्ही पिंजऱ्याच्या तळाचा पत्रा ओढायचात, घासायचात, उन्हात वाळवायचात. मी कधी पुढे झाले नाही. तुम्हीही कधी "ये, धर" म्हणाला नाहीत. का नाही म्हणालात? मी ओरडले असते, पळाले असते, पण शिकले तरी असते की नाही?

तुम्ही गेल्यावर मी काय केलं, ते ऐका. लांब दांड्याच्या पळीने डाळ आत सारली. पाणी वरून तांब्याने ओतलं. तळाचा पत्रा दीड महिन्यात एकदाही बाहेर काढला नाही. हात आत घालावा लागला असता ना!

तोही गप्प झाला. तुमच्या आवाजात "अगं ए!" म्हणायचा, ते एकदाही म्हणाला नाही. म्हणाला तर माझं काय होईल, याची भीती. आणि पुन्हा कधीच म्हणाला नाही तर, याचीही.

गेल्या रविवारी दत्ता सर्व्हिस मोटारीने आला. पिंजऱ्याकडे बघून त्याने नाक मुरडलं. "आई, अनगोळला चल माझ्याकडे. हा कुणाला तरी देऊन टाकू."

"अरे, नदीवर शब्द कुणी दिला?"

"अगं, ते कावळ्याला सांगायचं असतं!"

मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला हायसं वाटलं. देऊन टाकावा, सुटावं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की मी दत्ताला घाईघाईने "बघू" म्हणून वाटेला लावलं.

सोमवारी लक्षात आलं, तो सारखा खाजवतोय. पंखाखालची पिसं उपटून टाकली होती आणि त्या उघड्या कातडीवर बारीक किडे चालत होते. माझ्या न काढलेल्या पत्र्यातले किडे, दुसरं काय! आपल्या म्हशीचं बघणाऱ्या गंगव्वाला विचारलं. ती सहज म्हणाली, "आक्का, म्हशीच्या उवा तंबाखूच्या पाण्यानं जात्यात, मग ह्या मूठभर पाखराच्या का जाणार न्हाईत? मी आत्ता उकळतोच हाय म्हशीला. घ्या तांब्याभर."

निपाणीत दुसरं काय सुचणार? तंबाखूच्या काड्या अंगणात पडलेल्या, चूल पेटलेली. मी तांब्या घेतला आणि गजांवरून ओतलं. शिंपडायचं सोडून ओतलं, कारण शिंपडायला जवळ जावं लागतं.

तंबाखूच्या वखारीतून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तुम्ही पिंजऱ्याला हात लावत नव्हता. अठरा वर्षं मी तुम्हाला गरम पाणी काढून दिलं, आणि एकदाही विचारलं नाही, का?

थोड्या वेळाने धप्प आवाज आला. तो तळाशी पडला होता, मान एका बाजूला, पंख थरथरत, चोचीतून लाळ गळत होती. मी किंचाळले. गंगव्वा गोठ्यातून धावत आली.

"आक्का, भाईर काढा त्येला! धुवा आदी!"

"तू काढ गं! मला नाही जमत!"

"माज्या हाताला तंबाखूच लागलीया की! आनी मारू व्हय?"

तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात आत घातला.

तो चावला नाही हो. ती चोच माझ्या तळहातावर उघडी पडून होती आणि तिच्यात मिटायचीही ताकद नव्हती. इतकी भीती मला त्या चोचीची कधी वाटली नव्हती. कोमट पाण्याने तीनदा धुतलं, तुमच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून शेगडीपाशी बसले. अंगावरून बोट फिरवलं तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. म्हणजे तो खातच नव्हता! मी रोज पळी आत सारत होते आणि रोज कृतार्थ होत होते. वाटीतलं कमी झालं की नाही, हे बघायलाही जवळ गेले नव्हते.

कॉन्व्हेंटातली प्रार्थना आणि रामरक्षा तोंडात एकमेकींत मिसळत होत्या, आणि मधूनच मी म्हणत होते, चाव रे बाबा, चाव मला.

काल सकाळी त्याने कापसाच्या वातीने दोन थेंब पाणी घेतलं. आज डाळीचा एक दाणा खाल्ला आणि माझं बोट चोचीत धरून सोडून दिलं. रक्त नाही आलं. जगेल का? मला माहीत नाही. पिसं अजून फुगलेलीच आहेत.

अजून एक सांगायचं आहे. काल दिवसभर गंगव्वा गोठ्यात डोळे पुसत होती. तिला वाटत होतं, तिच्या सांगण्याने झालं. आणि मी तिला तसं वाटू दिलं! आज सकाळी जाऊन सांगितलं, "पाणी मी ओतलं, आणि किडेही माझ्यामुळेच झाले. तुझा दोष नाही." ती म्हणाली, "आक्का, तुमी त्येला हातात घेतलासा न्हवं, ते मी बघितलंय." आणि म्हशीकडे वळली.

तर आता ऐका. कावळ्याला दत्ताने काय सांगितलं, ते त्या दोघांचं. माझा शब्द मी स्वतः देते. याला मी कुणाला देणार नाही. अनगोळला गेले तर मोटारीत पिंजरा माझ्या मांडीवर असेल, आणि दत्ताला तसं आजच लिहिते, परवाची सगळी हकीकत घालून. तो जगला तर रोज माझ्या हाताने त्याचं करीन. नाही जगला, तर कुणावर ढकलणार नाही. भिणार नाही, असं मात्र वचन देत नाही. ते खोटं होईल.

खालचं फडकं ओलं झालं आहे. ते बदलायला त्याला उचलून हातात धरावं लागेल, आणि आज तो कालच्यापेक्षा जरा जास्त जागा आहे, चावेलही. म्हणून इथेच थांबते.

तुमची,
इंदिरा