दीवच्या पाटीवर बाबांचं नाव

८ सप्टेंबर, वसमत

पितृपंधरवडा लागला. गल्लीत घरोघरी पित्तरं, आमच्याच घरी नाही. बाबा एकाहत्तरच्या लढाईत जहाजासकट बुडाले तेव्हा मी आईच्या पोटात होतो. मढं हाती आलं नाही, म्हणून आई अजून कुंकू लावते. "धनी येतेन," म्हणते, की विषय संपला. मी त्रेपन्न वर्षांचा घोडा झालो, पण बापाच्या नावानं कधी घास ठेवला नाही. लाज वाटते.

दीवला त्या जहाजाचं स्मारक आहे, तिथं नावं लिहिलीत म्हणे. जाऊन फोटो काढणार. दर दिवाळीला ड्युटी करणाऱ्या कंडक्टरला डेपोनं एकदाची रजा दिली — उपकारच! आईला सांगितलं, सोमनाथला जातोय.

१२ सप्टेंबर, दीव

सापडलं! एवढ्या नावांत बाबांचं नाव!

पण पाटीवर ऊन. अकरा फोटो काढले, सगळे पांढरे फटक. एक गुजराती काका नातवंडांना घेऊन फिरत होते. न सांगता आले आणि पाटीवर छत्री धरली. "कौन हैं आपके?" म्हणाले. मी म्हटलं, "पिताजी." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि माझा फोटो नीट येईपर्यंत तापल्या फरशीवर तसेच उभे राहिले. मला रडू आवरेना.

१३ सप्टेंबर

त्या काकांचं नाव विचारायचंच राहिलं. कसला मी माणूस! देव त्यांचं भलं करो.

१७ सप्टेंबर, वसमत

जमीलच्या स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला. गेलेल्या माणसाची फ्रेम तो चंदनाच्या हारासकटच देतो, कुणाला विचारत नाही. आज हार बाजूला ठेवला. "पहिले मावशीला दाखवा भाऊ, हाराचं मंग पाहू." किती जाण आहे या माणसाला!

फ्रेम कपाटात लपवली. दाखवावी तर आईची आशा मोडेल. न दाखवावी तर बाबा याही वर्षी उपाशी.

१९ सप्टेंबर

आज धीर केला. फ्रेम आईच्या मांडीवर ठेवली, सोमनाथचं खोटंही कबूल केलं. तिला वाचता येत नाही. तिचं बोट धरून बाबांच्या नावावर नेलं. बराच वेळ ते तिथंच होतं. मग म्हणाली, "बाजूला कोन हाय?" मी शेजारची दोन नावं वाचली. "बरं झालं. संगतीला हायेत," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. रडली नाही. मीच घाबरलो.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

उठलो तर आईनं खीर, कढी, वडे करून ठेवलेले. म्हणाली, "बापाचं पान वाढ." मी म्हटलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तार आली त्याच दिशी समजलं व्हतं मला. कुकू पुसलं असतं, तर तुह्या काकानं मला माह्यारी लावलं असतं अन् तुला ठेवून घेतलं असतं. धनी येनार म्हनल्यावर कोन हाकलतंय? मंग तूच वाट पाहू लागलास. तुहं मन कसं मोडू?"

इतकी वर्षं मला वाटायचं, आईला मी जपतोय.